घटक क्रमांक चौदा : कुंकू

"सर्टिफिकेट ना? ते माझ्यावर सोडा!"

हे वाक्य मी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, पोहे खाता खाता, तोंडात शेंगदाणा असताना उच्चारलं. तो शेंगदाणा घशात अडकला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर किमान चाळीस वेळा वाटलं.

पण त्या वेळी मी जोरात होते! अकरावी सायन्स. आंतरशालेय वादविवादात पहिला नंबर. आणि गंमत म्हणजे नववीपर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचे तेसुद्धा शेजारणीच्या कानात. तिने ते पुढे मॅडमना कळवायचं. अशा मुलीला एकदा आवाज फुटला की ती तो कुठेही वापरते. मी तो बाबांच्या ऑर्डरीवर वापरला.

बाबा म्हणजे सुभेदार जयसिंग घोरपडे, मूळचे साताऱ्याचे. लखनऊ छावणीतल्या वर्कशॉपमधून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि विकास नगरमध्ये, आमच्या घराच्या गॅरेजमध्ये, दिवे बनवायला लागले. कारण आई. आईने शेजारणीकडून चिकनकारी शिकायला घेतली आणि महिन्याभरात म्हणाली, "अहो, सुई दिसते तर दोरा दिसत नाही, दोरा दिसतो तर कापड दिसत नाही." बाबांनी टेबलाला चिमट्याने अडकवायचा एक दिवा बनवला. मध्ये भिंग, भोवती एलईडीचं कडं. तो शेजारच्या बायकांनी मागितला. मग त्यांच्या शेजारच्या बायकांनी. मग एक दिवस जर्मनीच्या हेल्गाबाई आल्या. त्यांचं तिकडे भरतकामाच्या सामानाचं दुकान. त्या कापड घ्यायला आल्या होत्या, दिवा बघून हरखल्या आणि तीनशे नग मागून गेल्या. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांची मोठी जत्रा असते, म्हणून दहा नोव्हेंबरला माल निघाला पाहिजे. आणि त्यावर युरोपचा सुरक्षिततेचा शिक्का पाहिजे. सीई.

"हे जमलं तर ठीक," बाबा म्हणाले. "नाहीतर एक डिसेंबरपासून मॉलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर. त्यांनी बोलावलंय. युनिफॉर्मचं मापसुद्धा घेतलंय."

आईने बाबांना आणखी पोहे वाढले, म्हणजे तिला ते आवडलेलं नव्हतं.

म्हणून मी ते वाक्य बोलले.

मी नेटवर वाचलं आणि खुर्चीत उडालेच! हा शिक्का म्हणे कंपनीने स्वतःच स्वतःच्या मालावर मारायचा असतो! परीक्षा आपली, मार्क देणारेही आपणच! अशी परीक्षा मी आयुष्यभर शोधत होते. फक्त पुढचं पान मी वाचलं नव्हतं. पुढच्या पानावर लिहिलं होतं : मारा खुशाल, पण आधी सगळं सिद्ध करा. फाइल बनवा. प्रत्येक भागाची यादी द्या. फोटो द्या. आणि हेल्गाबाईंनी वर अट घातली होती, की लॅबचा रिपोर्टही हवा.

नोएडाची एक लॅब तयार झाली. फॉर्ममध्ये 'संपर्क व्यक्ती' आणि 'हुद्दा' असे रकाने होते. मी लिहिलं : अबोली घोरपडे, टेक्निकल हेड.

"हेड?" बाबा म्हणाले. "मग मी कोण?"

"तुम्ही एमडी."

"आणि हरिहर?"

हरिहर भैया म्हणजे बाबांचे एकमेव कारागीर. छावणीत बाबांच्या हाताखाली कितीतरी वर्षं वेल्डिंग केलेले. ते सोल्डरिंग करता करता मान वर न करता म्हणाले, "हमको रहने दो बिटिया, हमसे काम करवा लो बस."

आधी घरीच परीक्षा घ्यायची ठरली. नियम वाचून आम्ही थक्क झालो. युरोपात माणूस दिवा विकत घेतल्यावर पहिल्यांदा त्यात बोट घालतो, असं त्यांनी धरूनच ठेवलंय. त्यासाठी लॅबकडे लोखंडाचं सांध्यांचं बोट असतं, ते प्रत्येक भोकात खुपसून बघतात. बाबांनी हवा खेळायची भोकं इतकी बारीक केली की मुंगीलाही परवानगी काढावी लागली असती.

मग लेबल. ते पंधरा सेकंद ओल्या फडक्याने घासायचं, मग पंधरा सेकंद पेट्रोलसारख्या एका द्रवाने. जवळच्या कपूरथळा चौकातून छापून आणलेलं आमचं लेबल आईने घासलं. आई भांडी घासते तसं घासलं. शेवटी त्यावर फक्त 'मेड' उरलं.

"इन इंडिया कुठं गेलं?" बाबा म्हणाले.

"कपड़े पे आ गया, साहब," हरिहर भैया म्हणाले.

म्हणून लेबल काढून मजकूर थेट दिव्याच्या अंगावरच पक्क्या शाईने छापायचा ठरला. ही शाई लक्षात ठेवा. आम्ही नाही ठेवली.

मग वायर. सहा किलोच्या ओढीने पंचवीस वेळा ओढायची, उपसून आली नाही पाहिजे. बाबांनी दिवा स्वयंपाकघराच्या चौकटीला अडकवला आणि वायरला सहा किलो कणकेची पिशवी बांधली. एक, दोन, तीन... फौजी आवाजात मोजणी सुरू झाली. एकोणिसाव्याला फाटकन आवाज आला. वायर जागच्या जागी होती. पिशवी नव्हती. आम्ही चौघे पांढरे झालो.

"वायर पास," आई डोळ्यांतली कणीक पुसत म्हणाली, "स्वयंपाकघर नापास."

हे सगळं करता करता नवरात्र उजाडलं. माझी सहामाही सुरू होती. सकाळी रसायनशास्त्र, दुपारी फाइल, संध्याकाळी भौतिक, जेवताना फाइल. माझ्या डोळ्यांखाली अशी वर्तुळं आली होती की आमच्या दिव्यात वापरता आली असती. पण खंडेनवमीच्या सकाळी तीन नमुने तयार झाले! कुरिअरवाला अकराला येणार होता.

आणि खंडेनवमीला आमच्या घरात काय असतं?

बरोबर. हत्यारांची पूजा.

बाबांनी फौजेत बंदुकांची केली, ट्रकांची केली, एकदा तर म्हणे बुलडोझरची केली. आता पाटावर ड्रिल मशीन, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पकड, पेचकस असं सगळं आंघोळ केल्यासारखं पुसून ओळीत बसवलेलं. हरिहर भैयांची विश्वकर्मा पूजा सतरा सप्टेंबरलाच उरकली होती, तरी तेही हात जोडून उभे. शेजारी तीन नमुने.

"ह्यांनापण बोट लावते," आई म्हणाली. "एवढ्या लांब चाललेत."

टेक्निकल हेडने इथे काहीतरी बोलायला हवं होतं. टेक्निकल हेड म्हणाली, "लाव लाव! छान दिसेल!"

आईने कुंकू पाण्यात भिजवलं आणि तिन्ही दिव्यांच्या कपाळावर अनामिकेने एकेक ठसठशीत बोट लावलं. दिव्याचं कपाळ म्हणजे नेमकी ती भोकांची जागा. भोकांतून बोट जात नव्हतं, ते आम्ही तपासलं होतं. बोटावरचं कुंकू जातं का, हे कुठल्याच नियमात नव्हतं. वर झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या.

आणि मग मी ती गोष्ट केली, जिच्यामुळे तुम्ही ही कथा वाचताय. फाइलमध्ये दिव्याचे चारही बाजूंनी फोटो लागणार होते. खिडकीतून कोवळं ऊन आलं होतं, दिवे नवरदेवासारखे दिसत होते. मी झेंडू बाजूला केला आणि खटाखट फोटो काढले! फाइल लॅबला पाठवली, हेल्गाबाईंना पाठवली, नमुने खोक्यात भरले. अकरा वाजता सगळं रवाना. मी बाबांना कडक सलाम ठोकला. त्यांनीही ठोकला.

आठ दिवसांनी, मी शाळेतून येऊन एक मोजा काढलेला असताना, फोन आला.

"अबोली मैम? मैं अनन्या, लैब से। मैम, आपके पार्ट्स की लिस्ट में तेरह आइटम हैं। सैंपल में चौदह हैं।"

"चौदहवाँ कौन सा?"

"वही पूछने के लिए फ़ोन किया है। माथे पर लाल।"

मी फोन स्पीकरवर टाकला होता. आई भाजी चिरायची थांबली.

"वो... कुंकू है," मी म्हणाले.

"अच्छा। मैन्युफैक्चरर?"

"सांग, साताऱ्याला देवळासमोरच्या दुकानातलं," आई.

"डेटा शीट होगी?"

"पुडीवर देवीचा फोटो आहे," आई.

"मैम, एक बात और," अनन्या मॅडमचा आवाज मऊ झाला. डॉक्टर वाईट बातमी देताना होतो तसा. "तीन हज़ार वोल्ट वाला टेस्ट लगाया तो स्पार्क हुआ। खोलकर देखा तो अंदर भी लाल पाउडर, नमी वाले टेस्ट के बाद गीला। और स्विच की दरार के पास कुछ सफ़ेद दाने, नग तीन। मैम, ये चावल हैं क्या?"

मी आईकडे बघितलं, आईने चिरलेल्या भाजीकडे.

"बासमती?" मॅडमनी हळूच विचारलं. माणूसच होत्या त्या शेवटी.

"आंबेमोहर!" आई दुखावून ओरडली.

तर आम्ही नापास. पण मार्ग सोपा होता! कुंकू पुसायचं, नवे नमुने, नवे फोटो. एवढंच! बाबांनी कॅलेंडर बघितलं. "वेळ आहे," म्हणाले. आईने सगळ्यांसमोर शपथ घेतली, की यापुढे दिव्यांवर एक दाणासुद्धा पडणार नाही. मी तिला अर्धा तास उभ्याने भाषण दिलं. 'श्रद्धा आणि सुरक्षितता' असा साधारण विषय होता. वादविवादात मला याहून कमी वेळ मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी हेल्गाबाईंची मेल आली. त्यांना फोटो फार आवडले होते. विशेषतः तो लाल ठिपका! किती सुंदर, किती हाताने केलेला! फोटो त्यांनी कॅटलॉगमध्ये छापायला दिलासुद्धा होता. तीनशेच्या तीनशे दिव्यांवर ठिपका हवाच.

मी मेल बाबांना वाचून दाखवली. बाबा पायरीवर बसले.

"कळवून टाक, जमणार नाही म्हणून."

"बाबा, कॅटलॉग छापला."

"मग कुंकू पास करायला लागणार," बाबा म्हणाले. असं वाक्य आपल्या तोंडून निघेल असं त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नसावं.

मी यादीत लिहिलं. घटक क्रमांक चौदा : कुंकू.

आणि मग सुरू झालं! युरोपात विजेच्या वस्तूत कोणते विषारी पदार्थ किती चालतात याची यादी असते. लॅबने आमची पुडी तपासली. शिसं मर्यादेच्या वर.

"काहीतरीच काय!" आई म्हणाली. "बावीस वर्षं हेच लावतेय मी!"

बाबा तिच्या कपाळाकडे बघत राहिले. मग आई उठली आणि पुडी देवीच्या फोटोसकट... नाही, देवीचा फोटो कापून देवघरात ठेवला आणि बाकीची पुडी फेकून दिली.

मग तिने घरी कुंकू केलं. हळदीचं, जुन्या पद्धतीने. गॅरेजमध्ये खल, वाटी, लिंबू, आणि शेजारी सोल्डरिंग. शिसं नाही! आम्ही नाचलो! मग अनन्या मॅडमनी ते ओल्या फडक्याने घासलं. चौथ्या सेकंदाला कपाळ कोरं.

"और मैम, हाथ से लगाएँगे तो हर पीस पर साइज़ एक जैसा चाहिए। प्रोसेस लिख दीजिए।"

झालं. बाबांमधला सुभेदार जागा झाला. त्यांनी रजिस्टर आखलं आणि व्हर्नियरची मोजपट्टी घेऊन आईच्या मागे फिरायला लागले. 'सकाळी : आठ दशांश दोन मिलिमीटर. चहानंतर : आठ दशांश सहा. माहेरचा फोन आल्यानंतर : अकरा.'

"अहो, मी काय शिक्का आहे का?"

"नंदा, बोट सरळ. दाब सारखा. पुन्हा."

फॉर्ममध्ये पुढचा प्रश्न : ठिपका लावणारी व्यक्ती रजेवर असल्यास पर्यायी व्यवस्था? मी लिहिलं, 'मुलगी'. मग मला बोट लावायचं प्रशिक्षण. माझा ठिपका लांबुडका यायचा. बाबांनी मला नापास केलं. हेडला!

दिवाळी आली. आमच्याकडे करंज्या झाल्या नाहीत, फराळाचा डबा शेजारून आला. आकाशकंदील बाबांनी लावला आणि सवयीने त्याची वायर सहा किलोने ओढून बघितली. तो आमच्या डोक्यावर आला. कोणी हसलंसुद्धा नाही, इतके आम्ही थकलो होतो. मॉलवाल्यांचा फोन आला, युनिफॉर्म शिवून झालाय म्हणे. बाबा "हाँ जी, हाँ जी" म्हणाले आणि बराच वेळ गॅरेजमधल्या रिकाम्या खोक्यांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, माझ्या त्या एका 'छान दिसेल'मुळे बाबा मॉलच्या दारात उभे राहणार.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हरिहर भैया सुट्टीवरून परत आले. आई हळद कुटत होती, बाबा मोजत होते, मी अकराव्यांदा प्रोसेस लिहीत होते. भैयांनी डबा ठेवला, आम्हा तिघांकडे बघितलं.

"साहब, एक बात पूछें? नाराज मत होइएगा।"

"बोलो."

"नीचे जो लिखाई छपती है ना, जो घिसने से नहीं जाती... उस स्याही में लाल रंग नहीं आता क्या?"

आईचा हात खलात थांबला. बाबांनी व्हर्नियर मिटला. मी वहीत टेकवलेलं पेन तसंच राहिलं, तिथे शाईचा गोल डाग पडला. बरोबर आठ मिलिमीटर असावा.

शाई यादीत होती. क्रमांक सात. तपासलेली, घासलेली, पास झालेली. लाल रंगाचा डबा दोन गल्ल्यांपलीकडे मिळत होता.

"भैया, ये आपने पहले क्यों नहीं बोला?" मी जवळजवळ रडत म्हणाले.

"हमको लगा कुछ बड़ा टेक्निकल चल रहा है," भैया म्हणाले. "आप हेड हैं।"

तीन नोव्हेंबरला अनन्या मॅडमचा फोन आला. "अबोली मैम, पास!" आणि मग, "मैम, पूछना था, आपकी आवाज़ बहुत यंग लगती है। आप कितने साल से इस लाइन में हैं?"

"दो महीने," मी म्हणाले. "लगते बीस हैं।"

मग सात दिवसांत तीनशे दिवे. बाबा, भैया, आई आणि चारनंतर मी. आईने सुई-दोरा सोडून भिंगं बसवली. मी पाठ म्हणत म्हणत स्क्रू पिळले. शेवटच्या तपासणीच्या कागदावर, तीनशेच्या तीनशे खोक्यांसाठी, सही माझी : 'आत कोणतीही बाहेरची वस्तू नाही. अबोली घोरपडे, टेक्निकल हेड.'

दहाला सकाळी टेम्पो आला. खोकी उघडीच ओळीत लावलेली, चिकटपट्टी मारायची बाकी. आई दारात ताट घेऊन उभी. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते खोक्यांपुढून अशी पाहणी करत गेले जशी परेडची करतात. त्यांचे डोळे ओले झाले होते, म्हणाले धूळ आहे. टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर त्यांनी मॉलला फोन लावला आणि अत्यंत नम्रपणे युनिफॉर्म दुसऱ्या कोणाला बसतो का बघा म्हणून सांगितलं.

इथेच कथा संपवता आली असती. मी तर कालपर्यंत संपवलीच होती.

पण काल हेल्गाबाईंची मेल आली. जत्रेत सगळे दिवे संपले! आणखी पाचशे हवेत! फक्त एक शंका. प्रत्येक खोक्यात तळाला चार-पाच तांदळाचे दाणे आहेत. हे ओलावा शोषण्यासाठी आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं, फार नैसर्गिक कल्पना आहे. पण दाणे किती दिवसांनी बदलायचे, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. आणि यादीतही नाहीत. नव्या ऑर्डरीआधी कृपया फाइल दुरुस्त करून पाठवावी.

मी स्वयंपाकघरात घुसले. "आई! शपथ घेतली होतीस तू! श्रद्धा आणि सुरक्षितता यावर मी एवढं..."

आईने गॅस बारीक केला.

"मी तर दारात ताट धरून उभी होते," ती शांतपणे म्हणाली. "ताटातल्या अक्षता मूठभर उचलून, 'जा रे माझ्या राजांनो' असं ओरडत, सगळ्या खोक्यांवर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत कोण उधळत गेलं?"

बाबा अचानक पेपर वाचायला लागले. तो उलटा होता. दारात हरिहर भैया खोकले.

मला आठवलं.

तर आता सहामाहीचा निकाल समोर आहे, त्यावर कोणी बोलू नये, आणि मी पुन्हा फाइल उघडून बसले आहे. घटक क्रमांक पंधरा : तांदूळ, आंबेमोहर. अनन्या मॅडमना फोन करायचा आहे, हिंमत होत नाही. शेवटचा रकाना आहे 'हा घटक बसवणारी व्यक्ती आणि तिचा हुद्दा'. नाव लिहिलं आहे. हुद्दा अजून कोरा ठेवला आहे.